बक्कल

परवा रविवारी सकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची रात्र. आमच्याकडे नुकताच दुसरा चहा झालेला. पडद्यावर आधी तिचं कपाळ दिसलं, मग नाक दिसलं आणि मग काहीतरी एवढं चकाकलं की मला काहीच दिसेना.

"आबा, सी! माय बकल!"

"काय मिळालं म्हणतेस? बक्कल?"

"बक्कल नाही आबा, बकल!" असं म्हणून ती खिदळायला लागली.

मुलाने फोन हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. ते राहतात त्या गावाजवळ (ह्यूस्टनच्या बाजूला, टेक्सासमध्ये) एक छोटी जत्रा भरते. तिथे लहान मुलांना मेंढीच्या पाठीवर बसवायची स्पर्धा असते. डोक्याला हेल्मेट आणि अंगात जाड जाकीट घालून पोराला मेंढीवर पालथं घालतात. पोराने लोकर गच्च धरायची आणि मेंढी उधळली की जमेल तेवढा वेळ टिकून राहायचं. आमची सहा वर्षांची चिमी सहा सेकंद टिकली आणि पहिली आली. बक्षीस म्हणून कमरेच्या पट्ट्याचं तळहाताएवढं बक्कल मिळालं. त्यावर मेंढी आहे, कडेने दोरीची नक्षी आहे आणि खाली साल कोरलेलं आहे.

मी म्हटलं, "शाब्बास!" आमची ही म्हणाली, "लागलं नाही ना गं कुठं?" आजी-आजोबांत फरक असतो तो हा :)

मग चिमीने सहज विचारलं, "आबा, तुमच्या बाबांकडे पण होता बकल?"

मी म्हणालो, "नाही गं."

फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लेकराशी कशाला खोटं बोललात?"

तेव्हापासून चार दिवस हेच डोक्यात आहे. म्हणून आज लिहायला बसलो. आधी तिकडचं सांगतो, मग इकडचं.

2024 च्या मार्चमध्ये आम्ही दोघं मुलाकडे होतो. तेव्हा त्याने ह्यूस्टनचा रोडिओ दाखवायला नेलं. 1932 साली सुरू झालेलं ते जनावरांचं प्रदर्शन आहे. आता तीन आठवडे चालतं आणि स्टेडियम भरून माणसं येतात. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात, यात्रेत असतो तसाच शेणाचा, गवताचा आणि तळणाचा मिश्र वास नाकात शिरला आणि मला एकदम बरं वाटलं. परदेशात पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याला कळतं. शाळकरी पोरं वर्षभर सांभाळलेली जनावरं घेऊन आली होती, त्यांना धूत-पुसत होती, ब्रश करत होती. अगदी पोळ्याच्या आदल्या दिवशीसारखं. पहिल्या नंबरच्या बैलाला लिलावात लाखो डॉलर मिळतात म्हणे. त्या बैलाचं पुढे काय होतं ते मी विचारलं आणि मग दुपारचं जेवण गेलं नाही. असो.

तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेकडे माझं लक्ष जायला लागलं. मोठ्या टोप्या, टोकदार बूट आणि कमरेला बशीएवढी बक्कलं. मला तो नुसता दिखाऊपणा वाटला. मुलगा म्हणाला, "बाबा, नीट वाचा. काहींवर नुसती नक्षी आहे, ती दुकानातली. पण काहींवर स्पर्धेचं नाव आणि साल आहे. ती विकत घेऊन लावत नाहीत, जिंकावी लागतात." रोडिओवाल्यांत जगज्जेता ठरलेल्याला सोन्याचं बक्कल मिळतं. डिसेंबरात लास व्हेगासला त्यांची अंतिम स्पर्धा होते. तिथे पैसेही मिळतात, पण माणूस मिरवतो ते बक्कल. कॅलिफोर्नियात 1955 पासून एका दिवसात घोड्यावरून शंभर मैल जायची एक शर्यत आहे. वेळेत पोचणाऱ्याला तिथेही चांदीचं बक्कलच. 1974 साली एक पठ्ठ्या घोडा न घेता पायीच धावला आणि चोवीस तासांच्या आत पोचला! त्यातून शंभर मैल धावण्याची शर्यत निघाली आणि आता धावणाऱ्यांनाही बक्कल देतात.

घरी परत आल्यावर मास्तरकीची खोड गप्प बसू देईना. वाचत गेलो तशी गंमत कळली. खऱ्या जुन्या काउबॉयच्या कमरेला असलं बक्कल नव्हतंच! अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 ला संपलं. त्यानंतरची साधारण वीस वर्षं टेक्सासातून हजारो गुरं हाकत उत्तरेला कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. पगार महिन्याला पंचवीस ते चाळीस डॉलर. जनावरं मालकाची, पुष्कळदा घोडासुद्धा मालकाचा. धूळ खायची, रात्रपाळीला गुरं राखायची. म्हणजे आपला सालगडीच की हो! फक्त आपला गडी पाडव्याला साल धरतो आणि तो मोहिमेला धरायचा. त्यांत काळे होते, मेक्सिकन होते. लगाम, दोर, खोगीर ही सगळी विद्या मूळ मेक्सिकोतल्या गुराख्यांची. 1874 ला काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळी राने बंद झाली, रेल्वे गावोगाव पोचली आणि धंदा आटोपला.

या गड्यांच्या विजारी गॅलिसने खांद्याला अडकवलेल्या असत. लेव्हाईस कंपनीच्या त्या प्रसिद्ध विजारीला पट्टा ओवायची घरं आली ती थेट 1922 साली. आणि घोड्यावर वाकून काम करणाऱ्याच्या पोटात बशीएवढं धातूचं बक्कल रुतणार नाही का? तर हे बक्कल मोठं केलं सिनेमाने. हॉलिवूडवाल्यांना काउबॉय लांबून उठून दिसायला हवा होता. लोकांनी सिनेमा पाहिला, मग खऱ्या गुराख्यांनीही तो पाहिला आणि बक्कल लावलं. ज्याला कोणी विचारत नव्हतं तो गडी पडद्यावर जाऊन राजा झाला आणि परत येऊन आपल्याच पोरांना भेटला!

आपल्याकडेही ते सिनेमातूनच आलं. 1974-75 च्या सुमारास फिरोज खानचे 'खोटे सिक्के', 'काला सोना' आले आणि 'शोले'ही. गब्बर पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या हातात पट्टाच असतो, आठवतंय? मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. दहावीतली पोरं जालन्याच्या सिंधी बाजारातून घोड्याच्या तोंडाची, गरुडाची बक्कलं आणायची. विजार ठिगळाची असली तरी चालेल, पण कमरेला गरुड पाहिजे. एकाचं मी काढून घेतलं आणि वर्गासमोर म्हणालो, "असले पट्टे लावून ढोरंच राखशील." पोरं हसली. परीक्षा झाल्यावर परत दिलं त्याला. पण आता कळतं की मी दोन चुका एकदम केल्या. एक तर त्याचे वडील खरंच लोकांची गुरं राखायचे. आणि दुसरी म्हणजे ते बक्कल ढोरं राखणाऱ्याचंच होतं, त्याचा मानच होता तो. मला ठाऊक नव्हतं इतकंच. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत "ढोरं राखशील" हे मी किती पोरांना म्हणालो असेन, याचा हिशेब ठेवलेला नाही. ठेवला असता तर आज झोप लागली नसती.

आता इकडचं.

आपल्या भाषेत बक्कल हा शब्द नवा नाही. पोलिसाला विचारा, 'बक्कल नंबर' म्हणजे त्याचा शिपाई क्रमांक. पट्ट्याच्या बक्कलावरचा आकडा हीच त्याची ओळख, नाव नंतर. त्याहून जुना शब्द चपराशी. मोल्सवर्थच्या कोशात 'चपरास' सापडतो. चपरास म्हणजे शिपायाच्या पट्ट्यावरचा धातूचा बिल्ला. शब्द फारसीतला. चप म्हणजे डावं आणि रास्त म्हणजे उजवं, असा त्याचा माग कोशकार लावतात. पट्ट्याचं डावं-उजवं टोक जिथे जुळतं ते बक्कल, हे पटण्यासारखंच आहे. आणि चपरास लावतो तो चपराशी. मराठीत पट्टेवाला. दोन्ही शब्दांत माणूस कुठेच नाही, नुसता पट्टा आणि बिल्ला.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तालुक्याच्या कचेरीत पट्टेवाले होते.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. पुतणे-भाचे आणि माझी दोन्ही मुलं हे वाचतील. त्यांना "आजोबा महसूल खात्यात होते" एवढंच माहीत आहे. ते खोटं नाही. पण 1976 साली माझ्या लग्नाच्या माहितीच्या कागदावर मी ते वाक्य अशा बेताने लिहिलं होतं की वाचणाऱ्याला निदान अव्वल कारकून तरी वाटावा. सासरच्यांनी चार ठिकाणी विचारून खरं काय ते आधीच काढलं होतं, हे मला ही पुढे दहा वर्षांनी म्हणाली. लहान गावात काय लपतं?

दादा निजामाच्या राजवटीत कचेरीत लागले. तेव्हाचा बिल्ला उर्दू अक्षरांचा होता. 1948 ला हैदराबाद संस्थान गेलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग कधीतरी देवनागरी अक्षरांचा नवा बिल्ला मिळाला. खांद्यावरून तिरपा लाल पट्टा आणि छातीशी तो पितळी बिल्ला. दर रविवारी दादा ओसरीवर बसून चिंच आणि राख लावून तो घासायचे, मग कोरड्या फडक्याने पुसायचे. आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. बाई, म्हणजे आमची आई, म्हणायची, "देवाची भांडी येवढी घासत न्हाई मी."

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. दादा घासत होते, मी शेजारी बसलो होतो. नुकताच वाचायला शिकलेलो, दिसेल ते वाचायचो, दुकानाच्या पाट्या, काडेपेट्या. बिल्ल्यावरची अक्षरं बोटाने धरून मी मोठ्याने वाचली. कचेरीचं नाव, तालुका, जिल्हा औरंगाबाद.

दादांचा हात थांबला. "काय म्हनलास? वाच बरं पुन्हा."

मी पुन्हा वाचलं.

"येवढंच हाय? माझं नाव न्हाई त्यात?"

"नाही दादा."

ते काही बोलले नाहीत, घासायला लागले. इतकी वर्षं छातीवर वागवलेली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. आधीची उर्दूही नाही आणि नंतरची मराठीही नाही. मला त्या वेळी एवढंच वाटलं की दादांना येत नाही ते मला येतं. छाती फुगली होती माझी. पुढे मी त्यांना सही शिकवली. पाटीवर महिनाभर गिरवली त्यांनी.

मग मी मोठा झालो, म्हणजे लहान झालो असं म्हणायला हवं. आठवी-नववीत असताना शाळेत बक्षीस समारंभ होता. निबंधात माझा पहिला नंबर. पाहुणे होते तहसीलदारसाहेब आणि त्यांच्याबरोबर दादा. बक्षिसांचं तबक दादांच्या हातात होतं. माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. साहेबांनी दादांच्या हातातल्या तबकातून पेन आणि वह्या उचलून मला दिल्या. दादा सरळ समोर बघत उभे होते, कामावर असताना उभे राहायचे तसेच. फक्त मी वळताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं हसू आलं.

खाली आल्यावर शेजारच्या पोराने विचारलं, "तो पट्टेवाला तुझ्याकडं बघून हसला. तुझ्या वळखीचा हाय का?"

मी म्हणालो, "आमच्या गल्लीत राहतो."

दादा तेव्हा तबक ठेवायला खाली आलेले होते. पाठमोरे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. रात्री त्यांनी बक्षिसाचं पेन मागून घेतलं, फडक्याने पुसलं, एका कागदावर आपली सही करून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं चालतं." बस्स. रविवार नव्हता, तरी त्या रात्री त्यांनी बिल्ला घासला.

मी बी.ए. झालो, मास्तर झालो. दादा 1979 ला निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. पट्टा-बिल्ला सरकारी मालकीचा, तो जमा करायचा होता. आदल्या रात्री त्यांनी असा घासला होता की टेबलावर ठेवल्यावर कारकुनाच्या चष्म्यात उजेड पडला. कारकून म्हणाला, "झालं काका, या आता." दादा हलेनात. म्हणाले, "पावती द्या." असल्या वस्तूची पावती कोणी मागत नसावं. पण त्या भल्या माणसाने कागद घेतला आणि लिहून दिलं. पट्टा नग 1, पितळी बिल्ला नग 1, सुस्थितीत जमा. आणि वर दादांचं पूर्ण नाव.

ती पावती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1 मे 1981 ला, जालना जिल्हा वेगळा झाला. बातमी आली तेव्हा दादा पहिलं काय म्हणाले असतील? "म्हंजे आता बिल्ल्यावर जालना लिव्हतील."

चिमीच्या फोननंतर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पावती सापडली. घडीवर विरलीय, पण अक्षरं वाचता येतात. दुसरीतल्या त्या रविवारनंतर आज पुन्हा मोठ्याने वाचून पाहिली. आमच्या घरात बिल्ला नाही, बिल्ल्याची पावती आहे. पण बिल्ल्यावर नव्हतं ते दादांचं नाव तिच्यावर आहे. त्या दिवशी दादा अडून का बसले होते, ते मला आत्ता कळतंय.

नातीचं बक्कल तिने सहा सेकंदांत जिंकलं, त्यावर ते वर्ष कोरलंय, ते कोणी परत मागणार नाही. दादांचं बक्कल त्यांनी बत्तीस-तेहतीस वर्षं घासलं आणि परत केलं. टेक्सासातल्या गुराख्याला सिनेमा भेटला. आमच्या गुराख्याला माझ्यासारखा मास्तर भेटला. आणि आमच्या पट्टेवाल्याला, तेच सांगायला एवढं लिहिलं.

येत्या रविवारी फोन येईल. मी पावती चिमीला दाखवणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून पुन्हा मीच वाचून दाखवीन, दादांना दाखवलं होतं तसं. आणि सांगीन, "होतं गं बाळा, माझ्या बाबांकडे बक्कल होतं. तुझ्या बक्कलापेक्षा जास्त चकाकायचं."

ही म्हणते, नुसतं सांगू नका, ते पट्टेवाले होते हेही सांगा. सांगणार आहे. तुम्हाला सांगितलंच की आता.